हातोहात गेलेला नारळ

त्या वर्षी माझ्या एका लेखाचं फार कौतुक झालं. लेख छापायला देण्याआधी त्यातला एक परिच्छेद मी स्वतःच काढून टाकला होता, हे आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. त्यात सांगण्यासारखं काही होतं हेही कोणाला पटलं नसतं. लेख संयुक्त राष्ट्रसंघावर होता, पाच बड्या देशांच्या हातातल्या नकाराधिकारावर. इतक्या लांबच्या विषयातला एक परिच्छेद गळाला तर कोणाचं काय बिघडतं? मीही तसंच समजत होतो. पण सोयीचं तेवढं ठेवायचं आणि बाकीचं काढायचं, हे माणूस एकदा शिकला की त्याचा हात थांबत नाही. त्या परिच्छेदामागून मी आणखी काय काय काढून टाकलं, ते आज लिहून टाकतो.

एप्रिल उतरणीला लागला की पेडणे तालुक्यातल्या कोरगावच्या हवेत बोंडूंचा वास भरतो. बोंडू म्हणजे काजूचं फळ; बी पिरगळून काढली की उरतं ते, रसरशीत आणि घशाला धरणारं. टेकडीवरून पाट्या उतरतात, रस वाटेवर ठिबकत जातो, त्यावर माश्या घोंघावतात. खालच्या भाटीवर रस उकळत ठेवलेला असतो, हुर्राक, म्हणजे काजूची पहिल्या उकळीची दारू, उतरत असतो, आणि तो धूर माझ्या खोलीच्या जनेलातून आत येतो तेव्हा मी नववीचे पेपर तपासत बसलेला असतो. हा वास आधी गोड वाटतो, मग आंबूस, मग कपाळात जड होऊन बसतो. नोकरी लागल्यापासून मी याच गावात, बहुतेक याच खोलीत आहे. पन्नाशी आली. दर हंगामाला वाटतं, या वर्षी वास येणार नाही. येतो.

नागरिकशास्त्राच्या पेपरात संयुक्त राष्ट्रसंघावर एक प्रश्न ठरलेला. मुलं लिहितात: पाच कायम सदस्य आहेत, त्यांना नकाराधिकार आहे, तो लोकशाहीला धरून नाही. मी गुण देतो. वर्गात एखादी मुलगी विचारते, "सर, मग बदलत कित्याक नाहीत?" मी सांगतो की मध्यंतरी तात्पुरत्या खुर्च्या वाढवल्या, पण कायमच्या पाचांना हात लावायचा तर त्या पाचांनीच होकार द्यायला हवा. वर्ग हसतो. कोणीतरी मागून म्हणतं, "म्हणजे चोराकडेच किल्ली." मी फळा पुसायला वळतो. खडूची पूड नाकात जाते आणि मला उगाच बरं वाटतं, की तेवढा वेळ तोंड मुलांकडे नाही.

ते वर्ष गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला ते. आदल्या हिवाळ्यात भाषेवरून रस्त्यांवर झाडं आडवी पडली होती, बसगाड्या बंद पडल्या होत्या, माणसं माणसांना ओळख दाखवेनाशी झाली होती. पेडणे आणि डिचोलीकडची आमची माणसं घरात कोंकणी बोलत आणि मराठीसाठी मोर्चात जात. त्यात आम्हाला काही वावगं वाटत नव्हतं, अजूनही वाटत नाही. मीही गेलो होतो. एप्रिलपर्यंत दोन्हीकडची माणसं दमली होती. भिंतींवरच्या घोषणांवर लाल धूळ बसली होती आणि चहाच्या हॉटेलात नवा विषय आला होता. पेडण्याच्या हॉटेलवाल्याने एकदा गल्ल्यावरून जाहीर केलं, "आतां आमचो मुख्यमंत्री खरो मुख्यमंत्री जातलो."

"मागीर इतले दीस खोटो आशिल्लो?" बाकावरच्या एकाने विचारलं.

"खोटो न्हय रे. उस्णो."

सगळे हसले. मीही हसलो, कारण तो उसनेपणा आम्हाला खराच टोचत होता. दिल्लीत आमचं कोण ऐकतं, केवढासा हा प्रदेश, किती आमचे खासदार, हे बोलणं त्या दिवसांत पावाच्या तुकड्यासारखं चहात बुडवून खाल्लं जाई. माझा लेख त्याच हवेतून आला. नाव होतं 'पाच खुर्च्या'. युद्ध संपलं तेव्हा जे जिंकले ते बसले. जवळजवळ सगळी आफ्रिका तेव्हा कोणाच्या तरी मालकीची होती, तिला कोणी बोलावलंच नव्हतं. आणि पुढे ती स्वतंत्र होऊन आली तेव्हा खुर्च्या संपल्या होत्या. एका देशाने नको म्हटलं की साऱ्या जगाचं म्हणणं आडवं पडतं, याला न्याय म्हणायचं का, असं मी विचारलं होतं. रविवारच्या पुरवणीत अर्धं पान मिळालं. मुख्याध्यापकांनी तो शिक्षकांच्या खोलीत वाचून दाखवला. मी चोवीस वर्षांचा होतो. त्या दिवशी बसमध्ये जागा असूनही मी उभा राहिलो, का ते सांगता येणार नाही.

काढलेला परिच्छेद गोव्याचाच होता. भारतीय सैन्य गोव्यात शिरलं तेव्हा सुरक्षा समितीत ठराव आला होता, की थांबा आणि मागे फिरा. मतं मोजली तर ठरावाच्या बाजूने जास्त होती. सिलोन, लायबेरिया, इजिप्त असले देश विरोधात गेले, पण त्यांच्या हातांनी तो ठराव पडला नसता. पडला तो रशियाच्या एका नकाराने. मी जन्मलो तो त्यानंतर, मोकळ्या गोव्यात. हे मी लिहिलं होतं, चांगलं लिहिलं होतं. मग पुन्हा वाचताना दिसलं की ते माझ्याच मुद्द्याच्या आडवं उभं आहे. त्याला वळसा घालायचा तर विचार करावा लागला असता: नकाराधिकार वाईट, पण तो ज्याच्या हातात आहे त्याने तो कोणासाठी वापरायचा, आणि ज्यांना खुर्चीच नाही त्यांच्यासाठी कोणी बोलायचं. मी विचार केला नाही. परिच्छेद काढला. लेख गुळगुळीत झाला.

आमचं घर डिचोली तालुक्यात, शिरगावच्या बाजूला. गावाचं नाव घेत नाही. घेऊन कोणाचं भलं होणार नाही. शनिवारी शाळा सुटली की म्हापशाला बस बदलून मी घरी जाई. त्या हंगामात बाबांचा दमा वाढला होता. ते बाल्कांवावर, म्हणजे दारापुढच्या दगडी बाकांवर, पाठीला उशी लावून बसलेले असत. समोरच्या रस्त्याने खनिजाचे ट्रक बंदराकडे पळत, पावसाआधी जेवढं नेता येईल तेवढं न्यायची घाई. प्रत्येक ट्रकामागे बाबा पंचाने तोंड झाकत आणि धूळ बसली की उघडत. पुरवणी त्यांनी घडी करून मांडीखाली ठेवली होती.

"वाचलें," ते म्हणाले.

"कसो जाला?"

"भाशा बरी आसा." एक ट्रक गेला. त्यांनी पंचा खाली घेतला. "रशियेचें खंय गेलें?"

"जागा नव्हती, बाबा."

"म्हणजे तुज्या लेखांत गोंय सुटलेंच ना." ते हसले, आणि हसण्याचा खोकला झाला, आणि खोकला बराच वेळ चालला. रेडिओवर ती बातमी त्यांनी ऐकली होती, शेजाऱ्यांच्या ओसरीवर दाटीवाटीने उभं राहून. ती गोष्ट लहानपणी मला इतक्यांदा सांगितली होती की लेखात ती नाही हे त्यांना पहिल्या वाचनातच खुपलं. पुन्हा मात्र त्यांनी तो विषय काढला नाही.

आता आमच्या गावच्या सभेबद्दल सांगायला हवं. गाव मुळात सहा घराण्यांनी वसवलं, त्यांना वांगड म्हणतात; आमचं त्यातलंच एक. देवळाचं आणि गावच्या सामाईक जमिनीचं जे काही ठरायचं ते या सहांच्या सभेत. पंचायत आहे, निवडणुका होतात, पण डोंगराचा उतार कोणाला द्यायचा हे पंचायत ठरवत नसे. देवळाच्या मंडपात सहा खांब, प्रत्येक खांबाशी एका वांगडाचा माणूस. विषय सांगून झाला की देवापुढचा एक नारळ पहिल्या खांबापासून निघतो आणि हातोहात पुढे जातो. सहाही हातांतून फिरला की फोडायचा, ठरलं. ज्याला मान्य नसेल त्याने नारळ आपल्यापुढे जमिनीवर ठेवायचा. मग त्याला कारण विचारायचं नाही, बाकीच्या पाचांनी वाद घालायचा नाही, विषय त्या वर्षापुरता संपला. मला हे सगळं लहानपणापासून माहीत होतं. 'पाच खुर्च्या' लिहिताना त्या सहा खांबांची मला एकदाही आठवण झाली नाही. खरंच झाली नाही. हे मला आजही कळत नाही.

डोंगराच्या पायथ्याशी एक वाडी आहे. खाण सुरू झाली तेव्हा दोडामार्ग, सावंतवाडीकडून आलेली कुटुंबं तिथे राहिली. कोणी खाणीवर, कोणी ट्रकवर, बायका आमच्या शेतांत आणि काजूत. त्यांची मुलं इथल्या शाळेत शिकली, इथल्याच मातीत त्यांनी माणसं जाळली, तरी गावाच्या तोंडी ती 'भायलीं'. वाडीच्या वरच्या अंगाला झर होती. बारमाही पाणी, खडकातून करंगळीएवढी धार, खाली हौद, हौदाखाली वाडीचा छोटा मळा. त्या धारेवर ते उभे होते.

शेवंती त्याच वाडीतली. माझ्याच वयाची, नवरा खनिजाच्या ट्रकवर. हंगामात ती आमच्याकडे बोंडू वेचायला येई आणि मागच्या पायरीवर बसून बिया वेगळ्या करी. फळ डाव्या हातात, उजव्याने बी धरून एक पीळ, बी पाटीत, फळ डब्यात. हात चालू ठेवून ती बोले.

"मास्तरांनू, पेपरातला तुमचा आमच्या घोवान वाचून दाखवल्यान."

"कळलं?"

"तेका कळला. माका तेवढा पाच जण बसतत नि बाकीचे भायर, तेवढा कळला." तिने एक बी पाटीत टाकली. "बायको भाकरी थापी नि घोव देशांची नावा वाची. भाकरी करपली. तुमच्यामुळे."

मी हसलो. ती हसली नाही, हातातलं फळ तिने जरा जास्तच पिळलं.

"डोंगरार खाणीची माती घालतले म्हणतत. झरीच्या वरसून. पावसात ती खय जातली?"

"कंपनी बांध घालणार आहे म्हणे."

"म्हणे," ती म्हणाली. "आमका सभेत बसूक गावणा नाय. बाबांका मी सांगलंय, ते बरा म्हणाले. पण ते आजारी. तुमी बसतलास मा?"

"बघतो."

"नारळ फकत खाली ठेवा. बोलूक काय नको."

मी पुन्हा बघतो म्हणालो. लेखात मी कुठेही 'बघतो' लिहिलं नव्हतं. लेखात सगळं 'झालंच पाहिजे' होतं.

बाबांनी मला त्याच संध्याकाळी सांगितलं. "म्हाका जावचें ना. तूं वच. नाल्ल तुज्या मुखार येतलो. फुडें दिवूं नाका, थंयच दवर."

"तुम्ही कधी ठेवला होता?"

"ना. केन्नाच ना." ते बराच वेळ श्वास गोळा करत राहिले. "म्हणून तर सांगतां. आमच्या वांगडान आजून तो दवरूंक ना."

सभेच्या आधी शिरगावची लईराईची जत्रा झाली. आमच्या घराण्यातले दोघे धोंड होते, देवीचं व्रत घेतलेले. वाडीतलेही काही होते. हातात वेताची काठी, गळ्यात मोगऱ्याच्या माळा, अंग उपासाने हलकं झालेलं. पहाटे निखाऱ्यांतून जाताना मी त्यांना एका रांगेत पाहिलं. कोण मूळचा आणि कोण भायला हे राखेने माखलेल्या पायांवरून कळत नव्हतं. मला ते दृश्य सुंदर वाटलं, त्यावर लिहावं असंही वाटलं. ते मनात घोळवतच घरी आलो. मोगऱ्याचा आणि धुराचा वास कपड्यांना होता. असल्या वेळी माणसाला आपण फार चांगले आहोत असं वाटतं.

सभा सकाळची होती. मंडपातली फरशी गार, समईच्या तेलाचा वास, बाहेर ऊन तापत चाललेलं. पहिल्या खांबाशी पुनोकाका बसले, पहिल्या वांगडाचे. ते बाबांचे लहानपणापासूनचे दोस्त. दोघांनी एकाच होडग्यातून नदीत डुबक्या खाल्ल्या होत्या आणि एकाच मास्तरांचा मार. मला पाहून म्हणाले, "आयलो रे पाच खुर्च्यांचो धनी. हांगा पांच न्हय, स आसात, सांबाळ." सगळे हसले. मी बाबांच्या खांबाशी बसलो, शेवटून दुसऱ्या. पायऱ्यांखाली ओवळीच्या सावलीत वाडीची माणसं उभी होती. त्यांना विषय ऐकू येई, पण बसलेल्यांच्या पाठींआड नारळ दिसत नसे.

पुनोकाकांनी विषय सांगितला. खाणवाल्यांना उतार हवा, बदल्यात पावसाआधी मंडपाचं छप्पर नवं करून देतील. "वाडयेक त्रास जावचो ना अशें तांणी सांगलां," ते म्हणाले, आणि म्हणताना त्यांनी बाहेर पाहिलं. त्यांचा त्यावर विश्वास होता. त्यांना मी तेव्हा किंवा नंतरही खोटं बोलताना पाहिलं नाही. मग नारळ निघाला.

तो माझ्या हातात आला. शेंडीला कुंकू, आत पाणी हललेलं तळहाताला कळलं. माझ्या मनात त्या क्षणी एक पूर्ण वाक्य तयार होतं, लेखातलंच म्हणा ना: एकाने नको म्हटलं म्हणून साऱ्यांचं म्हणणं आडवं पडावं हा न्याय नव्हे. मी नकाराधिकाराच्या विरुद्ध आहे, तो मी वापरणार नाही. हे मला फार स्वच्छ वाटलं. मी नारळ पुढे दिला.

पुढच्याने तो पुनोकाकांकडे पोचवला. पुनोकाकांनी फोडला.

ते वाक्य घेऊन मी कितीतरी वर्षं काढली. बारीक पाहिलं तर त्याखाली दुसरंच काही आहे. बाकीचे पाच जण माझ्या वडिलांच्या वयाचे होते आणि त्यांच्यात एकटं पडायची मला भीती वाटली. पुनोकाकांनी केलेली थट्टा मला आवडली होती. नारळ ठेवला असता तर तशी थट्टा पुन्हा झाली नसती. आणि आणखी खाली, जिथे मी सहसा जात नाही, तिथे हेही होतं की वाडीतली माणसं आपलीच आहेत असं मला पुरतं वाटतच नव्हतं. आफ्रिकेतल्या देशांबद्दल वाटत होतं. त्यांना मी कधी पाहिलं नव्हतं.

खोबऱ्याची शकलं वाटायचा रिवाज आहे. देवळात नारळ फुटला की त्याची शेर्णी सगळ्यांना, बाहेर उभ्या असलेल्यांनाही. मी पायऱ्या उतरलो तेव्हा शेवंती हातात तुकडा घेऊन उभी होती. तिने तो कपाळाला लावला होता, खाल्ला नव्हता.

"तुमी ठेवलास?"

हो किंवा नाही, एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणालो, "ठेवला होता. ऐकलं नाही. उचलून फोडला."

तिने हातातला तुकडा उलटून पाहिला. मग म्हणाली, "तुमी ठेवलास मा. पुरो." आणि तो तुकडा तिने पदराच्या टोकाला बांधला.

एकदा सांगितल्यावर घरी वेगळं सांगणं शक्य नव्हतं. बाबा उशीवरून उठून बसले. "उखल्लो? दवरिल्लो नाल्ल उखल्लो? कोणें?"

नाव घ्यावंच लागलं. "पुनोकाकांनी."

बाबांचा चेहरा मला नीट वर्णन करता येणार नाही. त्यांना राग आला नाही. घरातली एखादी जुनी वस्तू जागेवर नाही असं दिसल्यावर माणूस जसा बघत राहतो तसे ते बघत राहिले. गावात कित्येक पिढ्या कोणी न मोडलेली रीत त्यांच्या दोस्ताने मोडली, असं मी त्यांना सांगितलं होतं. आणि त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला, कारण माझ्यावर अविश्वास ठेवायचं त्यांना कधी कारण पडलं नव्हतं. वेगळी सभा मागावी, वाडीच्या लोकांना घेऊन पंचायतीत जावं, हे ते करू शकले असते. पण त्यांचा धीरच गेला. जिथे ठेवलेला नारळ उचलतात तिथे पुन्हा काय बसायचं, असं ते आईला म्हणाले.

मे संपताना राज्य झालं. डिचोलीत फटाके वाजले, कोणीतरी पेढे आणून दिले. बाबा रेडिओ कानाशी धरून बसले होते. भाषणं संपली, वाद्यं वाजली, तेव्हा त्यांनी रेडिओ बंद केला. "दिल्लीन आयकलें," ते म्हणाले. "गांवान आयकलें ना."

मी पेढ्याचा कागद उलगडत होतो. तोच उलगडत राहिलो.

पावसात माती आली. बांध होता, पण तो मातीचाच होता. आधी झरीची धार लाल झाली, मग बारीक, मग नाही. हौद चिखलाने भरला आणि मळ्यावर शेवाळी-लाल साय बसली, जिच्यात भात रुजत नाही. माणूस कोणी गेलं नाही, त्यामुळे पेपरात आलं नाही. त्याच पावसात एक दिवस पुनोकाका बाबांना भेटायला आले, छत्री दारात टेकवून आत, खाटेपाशी. बाबांनी भिंतीकडे तोंड केलं. पुनोकाका उभेच राहिले. "कितें जालें रे?" त्यांनी विचारलं. बाबांचं तोंड भिंतीकडेच राहिलं. मग पुनोकाकांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाटेच्या पायाशी औषधाचा पेला घेऊन उभा होतो, आणि माझ्या तोंडावर काय होतं मला ठाऊक नाही, पण ते त्यांनी वाचलं. नारळाबद्दल मी घरी काहीतरी वेगळंच सांगितलं आहे, हे त्यांना तिथल्या तिथे कळलं. एक शब्द बोलले असते तर बाबांचं तोंड वळलं असतं, आणि माझं कायमचं खाली गेलं असतं.

"न्हिदूं दी ताका," ते मला म्हणाले, आणि छत्री घेऊन गेले.

चतुर्थीच्या आधी बाबा गेले. पुनोकाकांनी खांदा दिला. पुढे पुष्कळ वर्षं ते जगले, जत्रेत भेटत, शाळा कशी आहे विचारत. त्यांनी ते मला कधी बोलून दाखवलं नाही, त्यांच्या मुलांनाही सांगितलं नसावं, कारण मुलं मला अजून मान देतात. त्यांचं मौन मी भेट म्हणून घेतलं आणि त्यावर माझं आयुष्य बांधलं. ते गेले तेव्हा मला दुःख झालं आणि मोकळंही वाटलं, आणि हेही आज पहिल्यांदाच लिहितो आहे.

आता खाणी बंद आहेत. डोंगराला कापलेल्या पायऱ्यांवर गवत उगवलं आहे, ट्रक अंगणात गंजत उभे आहेत. वाडीतली बरीच घरं उठून गेली. काही डिचोली शहराच्या कडेला, काही मागे दोडामार्गाकडे. शेवंती राहिली. पाणी टँकरचं. तिचा मुलगा मांद्र्याला गोऱ्या पाहुण्यांसाठी टॅक्सी चालवतो आणि अधूनमधून मला कोरगावला आमसुलं आणून देतो. "आईन दिल्यान," म्हणतो. "म्हणाली, आमच्यासाठी एकटो मास्तर उभो रवलो." मी आमसुलं घेतो. घरी गेल्यावर डबा उघडत नाही, बायको उघडते.

हाच मुलगा गेल्या वर्षापासून सभेत सातवा खांब मागतो आहे. खांब म्हणजे बसायची जागा, नारळ हातात घ्यायचा हक्क. शिकलेला आहे, नीट बोलतो, ओवळीखाली उभा राहून सहाही जणांना ऐकू जाईल असं बोलतो. आणि जागा वाढवायची तर रीत तीच: नारळ सहाही हातांतून जायला हवा. गेल्या वर्षी तो दुसऱ्याच खांबाशी खाली ठेवला गेला. माझ्यापर्यंत आलाच नाही. बाबांच्या जागी आता मीच बसतो, आणि नारळ दुसरीकडे थांबलेला पाहून माझ्या खांद्यांवरचं ओझं उतरलं, हे मला तेव्हाच कळलं होतं. त्यानंतरही वर्गात मी पाच देशांबद्दल बोललो. आफ्रिकेला कायमची जागा हवी, एवढ्या लोकसंख्येच्या देशांना बाहेर ठेवून जगाचा कारभार कसा चालेल, हे सगळं बोललो, आणि ते सगळं खरं आहे. पाच देशांपैकी कोणी एक दिवस उठून स्वतःहून म्हणेल की माझी खुर्ची थोडी सरकवतो, असं मुलांना वाटतं का, मी विचारलं. मुलं नाही म्हणाली. मी फळा पुसायला वळलो.

या वर्षीची सभा जत्रेनंतर आहे. मुलाने पुन्हा अर्ज न करता तोंडीच सांगितलं आहे. ज्यांनी गेल्या वर्षी नारळ ठेवला त्यांचं मन वळवायचं तर कोणीतरी आतल्याने बोलायला हवं, आणि आतला जर बोलला तर त्याला पहिला प्रश्न येईल की तुला आत्ताच का सुचलं. त्याचं उत्तर माझ्याकडे एकच आहे, आणि ते दिलं की शेवंतीचा मुलगा ते पायऱ्यांखालून ऐकेल. पुनोकाकांची मुलंही ऐकतील. बाबा ऐकणार नाहीत; त्यांचं राहूनच गेलं, त्यांना आता काही देता येत नाही.

नारळ मी पुढे दिला होता, पुनोकाकांनी काही उचललं नव्हतं: एवढं खरं मी शेवंतीचं आणि पुनोकाकांच्या मुलांचं देणं लागतो. सातव्या जागेसाठी सभेत मी पहिल्यांदा बोलणं, हे वाडीचं देणं आहे. यातलं काहीच मी अजून दिलेलं नाही.